कॉर्नरवर उभ्या असलेल्या भाच्यास

मूल, जि. चंद्रपूर

प्रिय बाबू,


तुझे पत्र पोचले. बीए अर्धवट सोडून पुण्याच्या अकादमीत जातो म्हणतोस, पोलीस भरतीचा फॉर्म यंदा भरणार नाही म्हणतोस, आणि मंडईच्या जत्रेतल्या कबड्डी सामन्यांत चषक दरवेळी रेडरलाच का देतात असे विचारतोस. तिन्ही गोष्टी एकाच रागातून आल्या आहेत, म्हणून आधी रागाचे बोलतो.

रेडर गुण घेऊन परत येतो, ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसते. तू डाव्या कॉर्नरला नीट उभा राहिलास म्हणून तो तिकडे फिरकलाच नाही, हे मात्र गुणफलकावर चढत नाही. पण दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर रेडर बाद. त्या दोन रिकाम्या चढाया कोणी रिकाम्या ठेवल्या? मग तो जीव काढून आत शिरतो, तुझ्या शेजारचा कव्हर त्याला उचलतो आणि टाळ्या कव्हरला मिळतात. ज्याला खेळ कळतो तो तुझ्याकडे बघतो. प्रो कबड्डीच्या लिलावात एक कोटीची बोली मिळालेला पहिला खेळाडू रेडर नव्हता गा. 2018 साली यू मुंबाने घेतलेला तो इराणचा फझल अत्राचली, तुझ्याच जागेवरचा, डावा कॉर्नर. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य सामन्यात आपल्याला 27-18 असे हरवले. आपल्या संघात अजय ठाकूर होता, प्रदीप नरवाल होता, दोघे मोठे रेडर, आणि तरी आपले गुण अठरावरच थांबले. बचाव म्हणजे काय ते त्या दिवशी सगळ्या देशाला कळले.

आता मुद्द्याचे. बचावपटू उशिरा पिकतो. तोवर मैदानात टिकून राहायची सोय त्याला स्वतःच करावी लागते. माझे सगळे सांगणे एवढेच आहे.

2022 च्या फेब्रुवारीत दबंग दिल्लीने पाटणा पायरेट्सला 37-36 असे हरवून प्रो कबड्डीचे विजेतेपद घेतले. दिल्लीचा रेडर नवीन कुमार बाविशीचा पोरगा. बचावात मात्र कर्णधार जोगिंदर नरवाल आणि जीवा कुमार, दोघे चाळिशीच्या आसपासचे. शिवाय पस्तिशीचा मंजीत छिल्लर. लोक त्यांना म्हातारा संघ म्हणून हसत होते. बर्फावरच्या हॉकीतही असेच दिसते. स्वीडनचा निकलास लिडस्ट्रॉम अमेरिकेच्या डेट्रॉइट संघाकडून वीस हंगाम बचावात खेळला. लीगच्या खेळाडू-निवडीत त्याचा क्रमांक 53 वा होता. वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याला पहिल्यांदा मिळाली 2001 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. सातव्यांदा मिळाली तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. रेडरचे भांडवल वेग, आणि तो तिशीत कमी होऊ लागतो. बचावपटूचे भांडवल नजर. ती प्रत्येक रेडरगणिक वाढत जाते.

ती नजर कशी कमवायची? रेडरच्या डोळ्यांकडे आणि हातांकडे बघू नको, ते फसवण्यासाठीच असतात. कमरेकडे बघ, शरीराचा भार कोणत्या पायावर आहे ते बघ. बोनस घेताना त्याचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला असतो आणि मागचा हवेत असावा लागतो. म्हणजे तेवढा क्षण तो एका पायावर असतो, आणि मध्यरेषा त्याच्यापासून पावणेपाच मीटर लांब. घोटा धरायचा तो तेव्हा. अर्धा क्षण आधी झेपावलास तर तो तुझ्या डोक्याला हात लावून परततो, उशीर केलास तर मागचा पाय टेकलेला असतो. आणि घोटा एकट्याने धरून भागत नाही. तुझा कव्हर लगेच त्याच्या अंगावर आला पाहिजे, नाहीतर ताकदीचा रेडर तुला ओढत रेषेपर्यंत नेतो. मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही कॉर्नरची जोडी आधी यू मुंबाकडे, मग बंगळुरूकडे आणि पुढे हरियाणाकडे एकत्रच खेळली, ते उगाच नाही. तुझ्या कव्हरशी मैदानाबाहेरही जमवून घे. चूक कोणाची यावर सामन्यानंतर भांडा, पण पुढच्या चढाईआधी नको.

आता सोयीचे. नोकरीचा फॉर्म भर. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त स्पर्धेचे असावे लागते आणि नागपूरच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयातून त्याची पडताळणी व्हावी लागते. मंडईतले कप तिथे चालत नाहीत. म्हणूनच कॉलेज सोडू नको म्हणतो. गोंडवाना विद्यापीठाच्या संघात आलास की अश्वमेधचे दार उघडते, तिथे राज्यातली विद्यापीठे भेटतात. दुसरी गोष्ट, कबड्डीत विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत वेगळा उतरतो. मुंबई-पुणे-सांगलीच्या पोरांच्या गर्दीतून तुला वाट काढायची नाही. आपल्याकडची ही जागा सोडून तू पुण्याच्या रांगेत शेवटी उभा राहायला निघालास. आधी विदर्भाची जर्सी घाल, मग पुणे तुला बोलावेल. कबड्डीत पोलिसांचे, रेल्वेचे, भारत पेट्रोलियमचे संघ आहेत. रिशांक देवाडिगाने 2018 मध्ये अकरा वर्षांनी महाराष्ट्राला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, तो भारत पेट्रोलियमचा नोकरदारच. महिन्याचा पगार घरी येत असला की वाईट हंगाम गेला तरी माय शेत गहाण टाकत नाही.

शरीराचे थोडे कडक सांगतो. तंबाखूचा खर्रा सोड. आज. सामन्याआधी सगळी टीम एकाच पन्नीतून खाते हे मला माहीत आहे. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घे, आपल्या भागात हा आजार बराच आढळतो आणि उन्हातल्या जोराच्या सरावाआधी ते माहीत असलेले बरे. गुडघा दुखत असताना पाच हजारांच्या बक्षिसासाठी रात्रीच्या सामन्यात उतरू नको, फाटलेला लिगामेंट पाच हजारांत शिवून मिळत नाही. आणि मॅटवर सराव कर, पण एकदम नको. मातीत पाय थोडा घसरतो म्हणून गुडघा वाचतो. मॅटवर बूट चिकटतो, वरचे अंग वळते आणि पाय तिथेच राहतो. मॅटची सवय हळूहळू लावावी लागते.

तू म्हणशील, मामा, इराणचा बचावपटू शादलुई तर कोवळ्या वयात 2023 साली लिलावात 2 कोटी 35 लाखांना गेला. खरे आहे. तसे झाले तर सगळ्या गावात मी पेढे वाटीन. पण ज्याच्या हाती नोकरी आणि पदवी आहे त्याला ते होण्याची वाट बघायला दहा वर्षे मिळतात, आणि कॉर्नरच्या माणसाला नेमकी तीच दहा वर्षे हवी असतात.

भरतीची शेवटची तारीख बघ, फॉर्म भर, त्याची पावती मला व्हॉट्सअॅपवर पाठव. अकादमीचे उन्हाळी शिबिर परीक्षेनंतर असेल तर जा, जाण्यायेण्याचा खर्च माझ्याकडे. मायला माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा