शाळेतील संगणक आणि अनुचित संकेतस्थळे

शाळेतील संगणकास आंतरजालाची जोड मिळाली की, खेळांची व बालवयास अनुचित अशी संकेतस्थळे वर्गात कशी येऊ नयेत, हा प्रश्न मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो. वाईट शब्दांची यादी करून ते शब्द जेथे आढळतील ते पान अडवावे, हा उपाय प्रथम सुचतो. आणि तोच सर्वांत फसवा होय. इंग्लंडातील स्कन्थॉर्प गावच्या रहिवाशांना १९९६ साली एका आंतरजाल-कंपनीकडे खाते उघडता येईना. कारण गावाच्या नावाच्या पोटात एक असभ्य शब्द दडलेला होता! मराठीत ‘स्तन’ हा शब्द वर्ज्य ठरविला, तर ‘सस्तन प्राणी’ हा पाठच अडून राहील.

त्यापेक्षा पत्त्यावर नियंत्रण ठेवणे बरे. विद्यार्थ्याने संकेतस्थळाचे नाव लिहिले म्हणजे संगणक प्रथम डीएनएस या यंत्रणेकडे त्या नावाचा अंकी पत्ता विचारतो. अनुचित स्थळांचा पत्ता न सांगणाऱ्या काही डीएनएस सेवा विनामूल्य मिळतात. क्लाउडफ्लेअर कंपनीने २०२० साली सुरू केलेली १.१.१.३ ही त्यांपैकी एक. हा क्रमांक राऊटरमध्ये भरला की त्यास जोडलेल्या सर्व संगणकांस सामान्यतः तो लागू होतो. मात्र खेळांची स्थळे अशा सेवेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची नावे राऊटरच्या यादीत शिक्षकांनीच घालावी लागतात.

विद्यार्थ्यांसाठी संगणकावर वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते असावे. व्यवस्थापकाचे खाते मुलांच्या हाती असेल, तर पाचवीतला चुणचुणीत मुलगाही तो क्रमांक बदलून टाकील. शिक्षकाच्या मोबाईलवरून जोडणी घेतल्यास राऊटरमधील बंदोबस्त निरुपयोगी ठरतो, हेही पुष्कळदा विसरले जाते. पहिली ते चौथीच्या मुलांना बालभारती, दीक्षा अशी मोजकीच स्थळे खुली ठेवून बाकी सर्व बंद करणे सोयीचे. परंतु एकाच पानावरील चित्रे निराळ्या पत्त्यांवरून येत असल्याने पान अर्धवट दिसू शकते. तासापूर्वी ते उघडून पाहावे.

एवढे करूनही एखादे उपयुक्त पान अडतेच. अशा वेळी मुलावर संशय घेतला गेला, तर ते मूल पुन्हा विचारावयास येत नाही. हे नुकसान एखादे भलते पान दिसण्याहून लहान नव्हे. संगणकाजवळ एक वही ठेवावी. अडलेल्या पानाचे नाव मुलाने तीत लिहावे, शिक्षकाने ते स्वतः पाहावे आणि दर शनिवारी यादी दुरुस्त करावी.