शंभर टक्के प्लेसमेंटचं गणित

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झाली. एमबीएच्या सीईटीत ९२ पर्सेंटाइल आले आहेत. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठातून रोज फोन येतो, ‘शंभर टक्के प्लेसमेंट, सरासरी पॅकेज दहा लाख, दोन वर्षांची फी बारा लाख, आज पन्नास हजार भरा आणि सीट ब्लॉक करा.’ घरात माहितीपत्रकांचा ढीग झालाय आणि प्रत्येकावर शंभर टक्केच लिहिलंय. मग आमच्या गल्लीत एमबीए झालेली दोन मुलं घरी कशी बसली आहेत? आम्ही ओबीसी, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. कॉलेज निवडायचं तरी कशावरून?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या गल्लीतली ती दोन मुलं बहुधा त्या शंभरात धरलेलीच नसतील. जाहिरात धडधडीत खोटी असते असं नाही. टक्का नेमका कितीजणांतून काढला, तेवढं छापायचं राहून जातं.

बऱ्याच कॉलेजांत प्लेसमेंटला बसायला आधी ‘पात्र’ ठरावं लागतं. हजेरी कमी भरली, एखादा विषय राहिला, फीचा हप्ता थकला, की नाव यादीतून जातं. काहींकडून ‘मी माझी नोकरी स्वतः शोधेन’ असं लिहून घेतलं जातं; घरचा धंदा असलेल्यांकडून तर हमखास. हातात आलेली पहिली ऑफर नाकारली, तरी बऱ्याच ठिकाणी तुम्ही बाद. एवढं सगळं होऊन जे उरले, त्या सगळ्यांना काही ना काही मिळालं, की शंभर टक्के झाले. प्रवेश किती जणांनी घेतला होता, तो आकडा त्या चकचकीत पानावर शोधून सापडत नाही.

सरासरी पॅकेजचंही तसंच. समजा वर्गात दहाजण आहेत. नऊजणांना वर्षाला ५ लाख मिळाले आणि एकाला, जो आधीच सहा वर्षं आयटीत काढून आला होता, ५५ लाख. बेरीज एक कोटी, सरासरी दहा लाख. आणि दहा लाख मिळवणारा त्या वर्गात एकही नाही! दहावीच्या गणितात आपण मध्यक शिकलो होतो, तो इथे कामाला येतो. सगळे पगार चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. या वर्गाचा मध्यक ५ लाख. वर्गात मुलगी पहिली येईल असं प्रत्येक आईला वाटतं, वाटावंही; पण बारा लाखांचा हिशोब मधल्या मुलाचा पगार धरूनच करावा.

आता हा मध्यक मिळतो कुठे? केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून निघते. क्रमांक ठेवा बाजूला. भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने भरून दिलेला तपशील पीडीएफ स्वरूपात खुला असतो, कॉलेजच्या संकेतस्थळावरही तो ठेवलेला असतो. त्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा तक्ता शोधा. एका ओळीत डावीकडून वाचत गेलात की, त्या वर्षी जागा किती होत्या, प्रवेश कितीजणांनी घेतला, वेळेत पास किती झाले, नोकरी कितीजणांना लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, आणि पुढे शिकायला किती गेले, हे सगळं ओळीने येतं. मध्यकाची रक्कम तर चेकवर लिहितात तशी आकड्यांत आणि अक्षरांत. तीन वर्षांच्या तीन ओळी असतात. पास १७२ आणि नोकरी ९६, असं काही दिसलं, की फोनवरच्या माणसाला तेवढंच विचारा, ‘उरलेले ७६ कुठे गेले?’ पुढे शिकायला गेलेले त्यातून वजा करा, म्हणजे अन्याय नको. ही माहिती कॉलेजनेच भरलेली असते, तेव्हा डोळे झाकून तिच्यावरही विसंबू नये. पण सरकारकडे सही करून दिलेला आकडा आणि फोनवर सांगितलेला आकडा यांत फरक निघाला, तर कोणता धरायचा हे सांगायला नको.

क्रमांक बाजूला ठेवा म्हणालो, त्याचं कारण आहे. व्यवस्थापन संस्थांच्या या क्रमवारीत संशोधनाला ३० टक्के वजन आहे, आणि विद्यार्थ्यांचे निकाल, नोकऱ्या, पगार वगैरे मिळून २० टक्के. प्राध्यापकांचे शोधनिबंध चांगलेच, पण तुमच्या मुलीला दोन वर्षांनी नोकरी लागेल की नाही, हे त्यांवरून कळत नाही. नियतकालिकांच्या क्रमवाऱ्यांबद्दल बोलायलाच नको; यादी ज्या अंकात, पानभर जाहिरातीही त्याच अंकात.

पॅकेजचा आकडा म्हणजे सीटीसी, हातात येणारा पगार नव्हे. त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि ‘टार्गेट पूर्ण झालं तर’ मिळणारा इन्सेंटिव्ह, सगळं धरलेलं असतं. पाच लाखांच्या पॅकेजमध्ये महिन्याला पस्तीसेक हजार हाती आले तर बरं म्हणायचं. इन्सेंटिव्हचा भाग मोठा असेल तर तेवढेही नाहीत. आणि बारा लाखांचं कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी काढलं, तर हप्ता बसतो १५,८५८ रुपये. शिकत असताना साचलेलं व्याज त्यात नाही. पुण्यात राहून, खोलीभाडं आणि डबा भागवून, हे कसं जमवायचं ते कागदावर मांडून बघा. कामही विचारा. ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ या नावाखाली विमा किंवा फ्लॅट विकायला उन्हातान्हात फिरावं लागतं. विक्रीचं काम हलकं मुळीच नाही, पण त्यासाठी बारा लाख मोजायची गरज नाही.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, ती सांगतो. ती पत्रातल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठी आहे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. विनाअनुदानित कॉलेजांतही. अट अशी की, प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर सवलत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठं तर या योजनेतच नाहीत. म्हणजे फोन करणारा जी सीट ब्लॉक करा म्हणतोय, तिथे बारा लाख पूर्ण तुमच्या खिशातून, आणि कॅपमधून मिळालेल्या कॉलेजात शिक्षण शुल्क शून्य. डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, मेस यांचा खर्च राहतोच. कॅपमधल्या खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार बघता येते. त्यापेक्षा जास्त कोणी मागितली, तर पावती मागा.

९२ पर्सेंटाइलला काय मिळेल? चर्चगेटच्या जमनालाल बजाजची आशा धरू नका. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या साहाय्याने सुरू केलेली ती संस्था. तिथे खुल्या प्रवर्गाला ९९च्याही पुढे लागतात. तिथूनच जवळ असलेलं सिडनहॅमचं सरकारी व्यवस्थापन महाविद्यालय किंवा पुणे विद्यापीठाचा स्वतःचा विभाग, ज्याला सगळे पुम्बा म्हणतात, यांचे गेल्या वर्षीचे ओबीसी कटऑफ सीईटी सेलच्या याद्यांत आहेत. ते काढून बघा. बसणार नाही असं वाटलं तरी फॉर्ममध्ये वरच्या क्रमांकावर टाका, त्याने काही बिघडत नाही. त्याखाली ज्यांचा मध्यक तुम्हाला पटला, अशी पुण्या-मुंबईतली कॉलेजं. शहराचा आग्रह मी धरतो. पहिल्या वर्षानंतरची दोन महिन्यांची इंटर्नशिप जिथे कंपन्या आहेत तिथेच नीट मिळते, आणि पुष्कळदा नोकरीही तिथूनच निघते. जिथे जायचं नाही, ते कॉलेज मात्र पहिल्या पसंतीला लिहू नका. पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते.

एमबीए, एमएमएस, पीजीडीएम या नावांवरून घाबरू नका. आयआयएमसुद्धा २०१७चा कायदा होईपर्यंत पदवी देत नव्हत्या, पदविकाच देत होत्या, आणि त्यावरून कोणाची नोकरी अडली नाही. मुलीला आयआयएमच हवं असेल, तर कॅट दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी असते. महाराष्ट्रात आता दोन आयआयएम आहेत, नागपूरला २०१५ पासून आणि मुंबईत पवईच्या नीटीचं २०२३ मध्ये झालेलं रूपांतर.

कॅपमध्ये मनासारखं काही हाती लागलं नाही, तर? माझं मत स्पष्ट आहे. बारा लाखांच्या सीटपेक्षा एखाद्या सीएच्या ऑफिसात किंवा कंपनीच्या अकाउंट्स विभागात वर्षभर नोकरी करावी आणि पुढच्या वर्षी सीईटी पुन्हा द्यावी. या परीक्षेत २०० प्रश्नांना १५० मिनिटं असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. सगळा खेळ वेगाचा आहे, तेव्हा सरावाने ९२चे ९७ होणं अशक्य नाही. शिवाय वर्षाच्या अनुभवाला मुलाखतीत किंमत मिळते. ‘वर्ष वाया गेलं’ असं नातेवाईक म्हणतील, म्हणू देत.

कोणत्याही कॉलेजवर शिक्कामोर्तब करण्याआधी तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीशी मुलीला बोलायला लावा. माहितीपत्रकात फोटो छापलेली नको. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकलं की साध्या नोकऱ्यांत असलेल्या पुष्कळ सापडतात. मुली अशा वेळी मोकळेपणाने सांगतात. कोणते प्राध्यापक वर्गावर येतात, कंपन्या खरंच आल्या की गूगल फॉर्म आले, हे त्या दहा मिनिटांत कळतं.

पन्नास हजार आज भरू नका. भरायचेच झाले, तर पावतीवर काय लिहिलंय ते वाचून भरा आणि परताव्याची अट लेखी घ्या. त्याआधी सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर काढायला टाका, जातवैधता प्रमाणपत्र नसेल तर त्याच्या मागे आजच लागा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा असतात, आणि कागद वेळेत जोडले नाहीत तर मुलगी खुल्या प्रवर्गात धरली जाते. प्रवेश झाल्यावर शुल्कमाफीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा आणि दुसऱ्या वर्षी त्याचं नूतनीकरण करायला विसरू नका.