आमसुलं काळी का आली?

दादर

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

दिघीहून तू पाठवलेले फोटो पाहिले. आमसुलं काळीठिक्कर, रोठा सुपारी हिरवट आणि खालची चादर राखाडी. मग चादर पांढरी करायला तू ॲपमधला उजेड ओढलास आणि सुपारीही विटली, हो ना?

फोनला बोल लावू नकोस. समोर जे असेल ते मधल्या करड्या छटेचं असणार, असं धरून तो चालतो. पांढरं जास्त दिसलं की उजेड कमी करतो. म्हणून फोटो काढतानाच एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढव.

हिरवेपणा मात्र वाडीतला. पडवीत येणारा उजेड पोफळींच्या झावळ्यांतून गाळून येतो. त्यात तू आतला पिवळा बल्ब चालू ठेवलास. सुपारीची डावी बाजू चुगली करते आहे. बल्ब साधारण 2700 केल्विनचा, दिवसाचा उजेड 5500च्या आसपास. एक सुधारायला जावं तर दुसरा बिघडतो. तो बल्ब आधी बंद कर. जिथून नुसतं आकाश दिसतं अशा खिडकीशी बस, आणि जांभ्याच्या भिंतीपासून लांब, ती तांबूस मारते.

चादरीला अक्काने नीळ दिली असणार, तिची जुनी खोड! त्या चादरीवरून व्हाइट बॅलन्स घेशील तर माल पिवळा पडेल. मालाच्या जागी 18 टक्क्यांचं ग्रे कार्ड ठेवून पहिला फोटो काढ आणि बाकीचे त्यावरून जुळव.

चादरीऐवजी पांढरी ड्रॉइंग शीट वाकवून लाव. माल तिच्यापासून दोन हात पुढे ठेव आणि शीटवर मालापेक्षा साधारण एक स्टॉप जास्त उजेड टाक. त्याहून जास्त टाकलास तर पांढरं मालाच्या कडांवर चढतं. अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटोची पार्श्वभूमी 255, 255, 255 लागते, म्हणजे निखळ पांढरी. आणि उद्या अलिबागचा पांढरा कांदा काढायची वेळ आली, तर दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा उभा कर, म्हणजे कांद्याला काठ येईल.

आमसुलांना उजेड मागून, तिरका दे. पातळ कडेतून लाल झळकतं, तेवढंच दाखव. ॲपमध्ये अजून लाल करायचा मोह होईल, तो आवर. मी ऐन उमेदीत एका दुकानाच्या पैठण्या ट्यूबलाइटखाली काढल्या होत्या. जांभळी छापून आली निळी. गिऱ्हाइकं कॅटलॉग हातात घेऊन ‘ही नको, ती निळी दाखवा’ म्हणायची, आणि निळी दुकानात नव्हतीच. माझे उरलेले पैसे काही मिळाले नाहीत, आणि मागायचं तोंडही नव्हतं.

येत्या रविवारी आगरदांड्याहून फेरीबोटीने येतो. ग्रे कार्ड आणि काळे पुठ्ठे आणतो. तोवर पडद्याचा पिवळा ‘नाइट मोड’ बंद करून मूठभर आमसुलं फोनशेजारी ठेव आणि ताडून पाहा. चादर अक्काची अक्काला दे.

तुझा,
मामा