नांदगाव ते लंडन : हवाई अंतर आणि प्रवासकाळाचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातील नांदगाव हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक. येथून मुंबई रेल्वेने सुमारे २८५ किलोमीटर; नकाशावर सरळ रेषा ओढल्यास हेच अंतर सुमारे २४० किलोमीटर भरते. रूळ घाट व चढ पाहून वळतात; विमानाला ती अडचण नाही. तथापि हवाई प्रवासाचा हिशेबही वाटतो तितका सरळ नसतो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या ग्रामीण तरुणांना तो करावा लागतो आणि तो चुकल्यास तिकिटाचे पैसे वाया जातात, क्वचित हाती आलेली संधीही जाते.

अंतर कसे मोजतात?

रेखांशाच्या एका अंशाचे अंतर विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर, नांदगावच्या अक्षांशावर १०४, तर लंडनच्या अक्षांशावर अवघे ६९ किलोमीटर असते. म्हणून सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेले लांबचे अंतर फसवे ठरते. पृथ्वीगोलावरील दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, की तो ज्या वाटेने बसतो ती सर्वांत जवळची वाट होय. हिलाच बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखविता येईल. या रीतीने मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर येते.

वेळ अधिक का लागतो?

ताशी ९०० किलोमीटर वेग धरल्यास हा प्रवास आठ तासांत व्हावा. प्रत्यक्षात जाताना साधारणपणे साडेनऊ ते दहा तास लागतात. उड्डाण व उतरण यांच्या वेळी वेग कमी असतो. उंचावरील वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे जाताना विरोध तर येताना साहाय्य होते. शिवाय मार्ग ठरलेल्या हवाई क्षेत्रांतूनच आखावा लागतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र काही महिने बंद ठेवले, तेव्हा युरोपकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घालावा लागला होता.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले. आता हा प्रवास वाटेत न थांबता होतो.

घड्याळ आणि तारीख

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून देशोदेशींची घड्याळे भिन्न असतात. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास व उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान साडेनऊ तासांनी उतरले, तर भारतात रात्रीचे साडेदहा आणि लंडनमध्ये सायंकाळचे पाच वाजलेले असतात. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. त्यांची नुसती वजाबाकी करून प्रवासकाळ मिळत नाही.

मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणाबाबत विशेष दक्षता हवी. तिकिटावर १२ तारीख, रात्री १.३० अशी वेळ असेल, तर प्रवाशाने ११ तारखेच्या रात्रीच विमानतळावर पोहोचले पाहिजे.

एकूण हिशेब

रेल्वेप्रवासाचे सुमारे सहा तास, शहरातील दोन, विमानतळावरील तीन आणि विमानातील दहा असे एकवीस तास होतात. त्यांतील अकरा तास जमिनीवरचे आहेत. आगगाडीला विलंब झाला, तरी विमान थांबत नाही. यास्तव नांदगावहून निघण्याची वेळ उड्डाणाच्या वेळेपासून मागे मोजत ठरवावी आणि हाताशी काही तास राखून ठेवावेत. गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी प्रथमच परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला हा हिशेब कागदावर मांडून दिला, तर त्याचे मोठेच साहाय्य होईल.