पानफुटीचीं पानें कां वळतात?

आपल्या पोहरादेवीच्या परिसरांत, किंबहुना साऱ्या वऱ्हाडांत, ज्या ओसरीवर दोन-चार कुंड्या मांडलेल्या असतात तेथें पानफुटी पुष्कळदां दृष्टीस पडते. तिचें मूळ स्थान दूरचें मादागास्कर बेट. परंतु ती आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं तिला परकी म्हणणें जिवावर येतें. जाड व रसाळ पानें, त्यांच्या कडांना खांचा, आणि त्या खांचांतून फुटणारीं इवलीं इवलीं रोपें हें सर्व आपणांस परिचित आहे. हीं पानें एके दिवशीं कडांनीं वर वळूं लागतात व पन्हळीसारखीं होतात. तेव्हां घरांतील मंडळी काय करतात? तांब्याभर पाणी ओततात. पानें सरळ झालीं नाहींत म्हणजे दुसऱ्या दिवशीं दोन तांबे ओततात. अशा रीतीनें पंधरवडा लोटला कीं रोप पुष्कळदां बुंध्याशीं काळें पडतें आणि आडवें होतें.

तहानेनें पान वळतें ही समजूत खरी आहे. परंतु मुळें कुजलीं असतांही तेंच पान तसेंच वळतें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. याचें कारण सोपें आहे. पान ताठ राहतें तें त्याच्या पेशी पाण्यानें फुगलेल्या असतात म्हणून. धान्यानें ठासून भरलेलें पोतें उभें राहतें, अर्धें रिकामें झालें कीं वाकतें, तसेंच हें होय. आतां पानास पाणी पोहोंचविण्याचें काम मुळांचें. कुंडींत पाणी नसलें तर मुळें तें आणणार कोठून? आणि कुंडी पाण्यानें भरलेली असूनही मुळें मेलेलीं असलीं, तर तें वर चढविणार कोण? दोन्ही प्रसंगीं पान उपाशीच राहतें. म्हणून केवळ पानाकडे पाहून औषध ठरवूं नये. पाहावयाचें तें मातीकडे.

मातींत बोट दोन पेरें खोल घालावें. वरची माती सुकी दिसली तरी आंत बहुधा निराळीच स्थिति असते. त्यानंतर कुंडी उचलून पाहावी. हलकी कीं जड, हें हातास लगेच कळतें. माती कोरडी, कुंडी हलकी, आणि खालचीं जुनीं पानें प्रथम पातळ व सुरकुतलेलीं झालीं असतील, तर ती तहान समजावी. अशा वेळीं रोप जुन्या पानांतील सांठा कोवळ्या शेंड्यास पुरवीत असतें. उलट माती ओली, पान मऊ, पिवळट व काचेसारखें पारदर्शक, बुंधा काळसर, आणि मातीस आंबूस वास, अशीं लक्षणें असतील तर मुळें कुजलीं आहेत हें निश्चित. येथें एक थेंबही पाणी अधिक देणें म्हणजे रोप्यास मारणेंच आहे.

आपल्या भागांत या दोन्ही संकटांचें मूळ एकच, आणि तें म्हणजे आपली काळी माती. शेतांत तिची जी थोरवी आहे तिच्याविषयीं वाद नाहीं. परंतु कुंडींत ती वैरीण ठरते. काळी माती भिजली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसते. वैशाखांत शेतांना पडणाऱ्या भेगा सर्वांनीं पाहिल्या आहेतच. तोच प्रकार कुंडींत घडला कीं मातीचा गोळा कडेपासून सुटतो व भोंवतीं बारीक फट राहते. मग ओतलेलें पाणी त्या फटींतून सरळ खालीं उतरतें व छिद्रावाटे बाहेर पडतें. खालीं ओल दिसली म्हणजे पाहणारास वाटतें कीं रोपाचें पोट भरलें. गोळ्याचा गाभा मात्र कोरडाच. रोज पाणी घालूनही रोप तहानेलें कां, असें जे पालक विचारतात त्यांनीं ही फट आहे कीं काय तें प्रथम पाहावें. रामनवमीच्या यात्रेच्या दिवसांत घर पाहुण्यांनीं गजबजलेलें असतें, कुंडीकडे कोणाचें लक्ष नसतें, आणि ऊन तर चढत असतें. तेव्हां ही फट हटकून पडते. यावर उपाय असा कीं कुंडी घमेल्यांतील पाण्यांत अर्धी बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले म्हणजे काढावी व पाणी निथळूं द्यावें. तहानेनें वळलेलीं पानें यानें दोन-चार दिवसांत भरून येतात. पावसाळ्यांत हीच माती दिवसचे दिवस चिकट राहते. मुळांनाही श्वासोच्छ्वासासाठीं हवा लागते. ती मिळाली नाहीं म्हणजे तीं मरतात व बुरशी त्यांचा ताबा घेते.

पानफुटीस इतकें थोडें पाणी कसें पुरतें, हा प्रश्न जिज्ञासु विद्यार्थ्यांस पडावयास हवा. त्याचें उत्तर शोधण्याचा आरंभ हिंदुस्थानांतच झाला. मोरेव्हियन मिशनबरोबर तरंगमबाडीस आलेले व पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम करणारे बेंजामिन हाइन यांनीं १८१३ सालीं लंडनच्या लॅम्बर्ट यांस एक पत्र लिहिलें. पानफुटीचें पान सकाळीं चुक्याच्या भाजीसारखें आंबट लागतें, दुपारपर्यंत बेचव होतें व सायंकाळीं किंचित् कडवट लागतें, असा त्यांतील आशय होता. लिनियन सोसायटीनें तें १८१५ सालीं छापलें. पुढील संशोधनानें याचा उलगडा झाला. ही वनस्पति आपलीं पर्णमुखें दिवसा बहुतेक मिटून घेते व रात्रीं उघडते. रात्रीं घेतलेला कर्बवायु आम्लाच्या रूपानें सांठविते व दिवसा सूर्यप्रकाशांत त्याचें अन्न बनविते. भर दुपारीं मुखें मिटलेलीं असल्यामुळें पाण्याचा व्यय अत्यल्प होतो. शाळेंत हा प्रयोग पानाचा रस व आम्लता दाखविणारी कागदी पट्टी यांच्या साह्यानें करावा. सकाळच्या व सायंकाळच्या रंगांतील फरक डोळ्यांस दिसेल. जिभेनें मात्र करूं नये. या झाडांत हृदयावर परिणाम करणारीं द्रव्यें असतात, व तें खाल्ल्यानें गुरांस विषबाधा होते. शेळ्याही त्यापासून दूर बांधाव्या.

माती ठीक, मुळें ठीक, तरीही पानें वळलेलीं असतील तर उन्हाचा विचार करावा. सावलींत वाढलेलें रोप एकाएकी उन्हांत ठेवलें म्हणजे पानें दुमडून उन्हास आपलें अंग कमी दाखवितात. कडा तांबूस होतात, पण पान दाबल्यास घट्ट लागतें. टिनाच्या डब्यांत रोप असेल तर मुळेंही भाजतात. सकाळचें ऊन द्यावें, दुपारचें टाळावें, इतकें पुरे.

केवळ शेंड्याचीं कोवळीं पानें वेडींवांकडीं झालीं असतील, तर पान उलटून पाहावें. मावा किंवा पिठ्या ढेकूण असला म्हणजे चिकटपणा व मुंग्या दिसतातच. कपाशीच्या शेतांत वावरणाऱ्यांस त्यांची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. ओल्या कापसाच्या बोळ्यानें ते पुसून काढावे. सौम्य साबणाचें पाणी प्रथम एकाच पानावर लावून पाहावें व नंतर धुवावें. शेतावरची फवारणीची बाटली मात्र घरांत आणूं नये, हें पालकांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें. २०१७ सालीं आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. जें उघड्या रानांत माणसाचा जीव घेतें तें स्वयंपाकघराच्या खिडकींत एका कुंडीसाठीं वापरावें काय? तणनाशक भरलेला पंपही कुंडीस पाणी देण्यास घेऊं नये. त्याचा अंश राहिला तरी कोवळीं पानें पिळवटून निघतात.

आतां कुजलेल्या रोपाविषयीं. तें कुंडींतून काढावें, काळें पडलेलें सर्व कापून टाकावें, व वरचा निरोगी शेंडा तीन-चार दिवस सावलींत ठेवून त्याची जखम वाळूं द्यावी. नव्या कुंडीस छिद्र असलेंच पाहिजे. तींत काळी माती एक भाग, भरड रेती एक भाग, चाळलेला बारीक मुरूम एक भाग व मूठभर चांगलें कुजलेलें शेणखत घालावें. शेंडा लावल्यावर आठवडाभर पाणी देऊं नये. पुढेंही माती आंतून सुकल्यावांचून देऊं नये. पूर्वीं करपलेलीं पानें सरळ होत नाहींत, म्हणून नव्या पानांवरून प्रकृति ओळखावी. शेंडाही वांचण्यासारखा नसेल तर एखादें घट्ट, हिरवें पान ओलसर रेतीवर आडवें ठेवावें. कांहीं दिवसांतच त्याच्या खांचांतून रोपें डोकावूं लागतात. त्यांना स्वतःचीं मुळें व दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या म्हणजे तीं सोडवून निरनिराळ्या कुंड्यांत लावावीं.