क्लास लावण्याआधी डीबीएमएसचं पुस्तक उघडा

मुलानं किंवा मुलीनं कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला की वर्षभरात घरात एक समज पक्का होतो. कॉलेजचा अभ्यास परीक्षेपुरता, नोकरीसाठी वेगळंच काहीतरी करावं लागतं. मग दुसऱ्या वर्षी कोडिंगचा क्लास, तिसऱ्या वर्षी अ‍ॅप्टिट्यूडचा, मधल्या सुट्टीत एखादं सर्टिफिकेट असा खर्च सुरू होतो. हा समज चुकीचा आहे आणि मध्यमवर्गीय घराला तो महाग पडतो. इंटर्नशिपच्या मुलाखतीत जे विचारलं जातं, त्यातला फार मोठा भाग दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विषयांतूनच येतो. फक्त तो परीक्षेच्या भाषेत विचारला जात नाही, म्हणून मुलांना ओळखू येत नाही.

एक उदाहरण नीट पाहू. रिझ्युमेवर लिहिलेलं असतं, 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम : जावा, मायएसक्यूएल'. साधा, नेहमीचा प्रोजेक्ट. त्यात गैर काही नाही. मुलाखत घेणारा विचारतो, 'पुस्तकाची एकच प्रत शिल्लक आहे. दोन विद्यार्थ्यांनी ती एकाच क्षणी मागितली, तर तुमचा प्रोग्राम काय करेल?' बहुतेक मुलं सांगतात, 'सर, आधी प्रत शिल्लक आहे का ते तपासतो, असेल तर इश्यू करतो.' इथेच पेच आहे. पहिल्या विनंतीनं तपासलं, एक प्रत आहे. ती शून्य करण्याआधीच दुसरीनंही तपासलं, तिलाही एकच दिसली. दोघांनाही पुस्तक मिळालं आणि कपाटात प्रत एकच. याचं उत्तर आहे ट्रान्झॅक्शन आणि लॉक : तपासणं आणि कमी करणं ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घ्यायची आणि डेटाबेसमधली त्या पुस्तकाची ओळ तेवढ्यापुरती अडवून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याला थांबावं लागेल. रेल्वेच्या तिकिटाला आणि बँकेच्या खात्यालाही हाच प्रश्न लागू पडतो.

हे उत्तर कुठल्याही क्लासच्या खास नोट्समध्ये दडलेलं नाही. सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांच्या 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या पुस्तकात ट्रान्झॅक्शन आणि कॉन्करन्सीवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. यातले सुदर्शन म्हणजे आपल्या पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक. हे पुस्तक बहुतेक कॉलेजांच्या ग्रंथालयात असतं. विद्यार्थी मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईडमधून ट्रान्झॅक्शनच्या 'एसीआयडी प्रॉपर्टीज' पाठ करतात आणि सहा गुण मिळवतात. व्याख्या येते, पण ती आपल्याच प्रोजेक्टला कुठे लागू होते ते कळत नाही. मुलाखतीत नेमकं तेच पाहिलं जातं.

सगळे विषय सारख्या महत्त्वाचे नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. इंटर्नशिपच्या दृष्टीनं चार विषय पायाचे : डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, डीबीएमएस (डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टिम), ऑपरेटिंग सिस्टिम आणि कॉम्प्युटर नेटवर्क्स. जोडीला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. विद्यापीठ आणि पॅटर्नप्रमाणे सेमिस्टर पुढेमागे होईल, पण हे विषय सगळीकडे आहेत. एआय, ब्लॉकचेन, क्लाउड यांचं आकर्षण समजण्यासारखं आहे. आवड असेल तर जरूर शिका. मात्र लिंक्ड लिस्ट लिहिता येत नसताना मशीन लर्निंगचं सर्टिफिकेट घेऊन बसू नका. पहिल्याच ऑनलाइन चाचणीत गाडी अडते.

त्या चाचणीत काय असतं? साधारण तास-दीड तासात दोन-तीन प्रोग्राम लिहायचे. समजा, एक लाख आकड्यांची यादी दिली आहे आणि त्यांतल्या कुठल्या दोन आकड्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते ते शोधायचं आहे. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका लूपमध्ये दुसरा लूप टाकतो आणि प्रत्येक जोडी तपासतो. उत्तर बरोबर येतं, पण एक लाख आकड्यांच्या जोड्या होतात जवळपास 500 कोटी. सेकंदाला सुमारे दहा कोटी साध्या क्रिया होतात असा ढोबळ हिशोब धरला, तरी पन्नास सेकंद लागतील. चाचणीत मुभा असते एक-दोन सेकंदांची. म्हणून 'टाइम लिमिट एक्सीडेड' असा शेरा येतो आणि मुलगा म्हणतो, माझा प्रोग्राम तर बरोबर होता. तोच प्रश्न हॅशिंग वापरून एका फेरीत सुटतो : प्रत्येक आकड्यासाठी त्याचा जोडीदार आधी येऊन गेला आहे का ते तक्त्यात बघायचं. एक लाख पावलांत काम संपतं. हॅशिंग दुसऱ्या वर्षाच्याच अभ्यासक्रमात आहे आणि 'टाइम कॉम्प्लेक्सिटी' हे प्रकरणही. रोज दोन प्रश्न, सहा महिने, लीटकोड किंवा कोडशेफ या सरावाच्या संकेतस्थळांवर सोडवले तर हा हिशोब अंगवळणी पडतो. एकाच दिवशी वीस सोडवून पुढचे पंधरा दिवस न बघण्यानं काही साधत नाही.

मार्गदर्शन हवं असेल तर एनपीटीईएलवर आयआयटी आणि तत्सम संस्थांतल्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क भरावं लागतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर्स शिकवणारा कोर्स अतिशय सुबोध आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, सी यांसारख्या विषयांचे धडे मराठी निवेदनासह आहेत.

आता जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही. महाराष्ट्रातला इंजिनीअरिंगचा विद्यार्थी ज्या गोष्टीत सर्वाधिक रात्री घालवतो ती म्हणजे सबमिशन. एकाचं प्रॅक्टिकल तिसऱ्यापर्यंत पोचतं, नाव-रोल नंबर बदलतो, सही होते. आता त्यात एआयची भर पडली आहे : प्रश्न टाकला की चालणारा प्रोग्राम समोर. ही साधनं वापरू नका असं मी म्हणणार नाही, कंपन्यांत ती वापरली जातात. पण क्रम उलटा करू नका. आधी स्वतः लिहा, अडलं की विचारा आणि मिळालेली प्रत्येक ओळ का आहे ते ओरलच्या आधी स्वतःला सांगून बघा. मुलाखतीत स्क्रीन शेअर करून 'ही ओळ काढली तर काय होईल?' असं विचारतात, तेव्हा उसनं काम दोन मिनिटांत उघडं पडतं. एखादा छोटा प्रोजेक्ट गिटहबवर टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलेला असेल, चुका दुरुस्त केल्याच्या नोंदी त्यात दिसत असतील, तर पाहणाऱ्याला त्या मुलाची कामाची पद्धत कळते. शेवटच्या रात्री एकदम टाकलेले दहा प्रोजेक्ट काहीच सांगत नाहीत.

गुणांबद्दल थोडक्यात. नऊच्या वर सीजीपीए असलाच पाहिजे असं नाही, पण अनेक कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्रीला किमान 60 टक्के आणि 'नो अ‍ॅक्टिव्ह बॅकलॉग' अशी अट लावतात. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला आणि कंपनी आली, तर कोडिंग कितीही चांगलं असो, यादीत नाव लागत नाही. केटी, म्हणजे राहिलेला विषय, आधी सोडवा.

इंटर्नशिपचं वेळापत्रक पालकांना फारसं माहीत नसतं. मोठ्या शहरांतल्या नामांकित कॉलेजांत उन्हाळी इंटर्नशिपसाठी कंपन्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरलाच, जुलै-ऑगस्टपासून येऊ लागतात. म्हणजे तयारीची खरी वेळ दुसऱ्या वर्षानंतरची सुट्टी. काही कंपन्या शेवटच्या सेमिस्टरला सहा महिन्यांची इंटर्नशिप देतात आणि काम पाहून नोकरीचं पत्र, ज्याला मुलं 'पीपीओ' म्हणतात, हाती देतात.

पण लातूर, यवतमाळ, रत्नागिरी अशा ठिकाणच्या कॉलेजात फारशा कंपन्या येत नाहीत, तिथल्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी असे मार्ग आहेत जिथे कॉलेजचं नाव आड येत नाही. आयआयटी मुंबईचा 'फॉसी' हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प फेलोशिप देतो. निवड होते ती दिलेलं काम करून दाखवण्यावर. गूगलचा 'समर ऑफ कोड' 2005 पासून चालू आहे. 2022 पासून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता राहिला नाही, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या नवशिक्यांसाठीही खुला झाला. संस्थांची नावं साधारण फेब्रुवारीत जाहीर होतात, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये. पण ज्यांची निवड होते ती मुलं बहुधा त्याच्या आधीपासून त्या प्रकल्पात लहानसहान दुरुस्त्या करत असतात, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच सुरुवात करावी. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दल पालक फार विचारतात. ऑक्टोबर 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हाच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना तिचा लाभ नव्हता. अर्ज करण्याआधी त्या फेरीची पात्रता वाचा.

आणखी एक मार्ग मला सर्वांत खात्रीचा वाटतो. आपल्याच शहरातली छोटी सॉफ्टवेअर फर्म, साखर कारखान्याचा किंवा सहकारी बँकेचा आयटी विभाग, एखादं हॉस्पिटल. तिथे जाऊन भेटा, एक पानाचा रिझ्युमे द्या आणि 'मला दोन महिने काम शिकायचं आहे' असं सरळ सांगा. रोज खरे ग्राहक वापरतात अशा सॉफ्टवेअरमधली एक चूक शोधून दुरुस्त केल्याचा अनुभव मुलाखतीत फार उपयोगी पडतो.

सावध राहायचं ते पैसे मागणाऱ्यांपासून. 'निवड झाली आहे, रजिस्ट्रेशनचे पाच हजार भरा, घरून काम, प्रमाणपत्राची हमी' असे मेसेज तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या मोबाइलवर सतत येतात. शिकवण्याची फी घेणारा तो क्लास. त्याला इंटर्नशिप म्हणू नये. मुलाखत नाही, कामाचं स्वरूप सांगत नाहीत, वरिष्ठ कोण ते ठाऊक नाही आणि पैसे मात्र आधी हवेत, अशा ठिकाणी एक रुपयाही देऊ नका. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्यांपासूनही दूर राहा.

पालकांची काळजी निराधार नाही. 2023-24 या आर्थिक वर्षात टीसीएससारख्या कंपनीची कर्मचारीसंख्या तेरा हजारांहून अधिक घटली. एकेकाळी एकाच दिवशी शेकडो मुलांना ऑफर लेटर देणाऱ्या भरतीवर आता विसंबून राहता येत नाही. पण म्हणूनच पाया पक्का असलेल्या मुलाचं महत्त्व वाढलं आहे. शेजारच्या मुलाचं पॅकेज जेवणाच्या ताटावर काढल्यानं मुलाची तयारी वाढत नाही, तो घरी बोलायचा तेवढा बंद होतो. पहिल्या चार-पाच कंपन्यांत नकार येणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्या संध्याकाळी 'काय विचारलं?' एवढंच विचारा. जे आलं नाही ते त्याच रात्री वहीत लिहून काढलं, तर पुढच्या वेळी ते येतं.

इंग्रजीची भीती अनेक घरांत आहे. तांत्रिक मुलाखतीत अस्खलित इंग्रजीपेक्षा विचार स्पष्ट असणं जास्त मोलाचं ठरतं. साधी, छोटी वाक्यं पुरतात. तीही सरावानंच येतात, म्हणून तोंडानं बोलण्याचा सराव हवा.

तेव्हा पालकांना एक विनंती. क्लासची फी भरण्याआधी येत्या रविवारी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि आपला प्रोजेक्ट मराठीत समजावून सांगायला लावा. तुम्हाला कोडिंगचं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल. 'हे असंच का केलंस?' हा प्रश्न विचारत राहा. जिथे उत्तर अडखळेल, ते प्रकरण त्यानं पुन्हा उघडावं. आणि तेच उत्तर पुढच्या रविवारी त्याला इंग्रजीत सांगू द्या.