तीन धावांचा घोडा

रत्नागिरी

चि. सौरभ यास,


तू पाठवलेला रविवारच्या शर्यतीचा तक्ता काल जेवणानंतर सावकाश पाहिला. मेहनत दिसते. पण आठांतले पाच घोडे आयुष्यात दोन-तीनदाच धावलेत आणि तू त्यांच्या वेळांची सरासरी दशांशापर्यंत काढून बसलायस! दोन आकड्यांच्या सरासरीवर मी चहासुद्धा लावणार नाही.

सुप्रीम कोर्टाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं, हे तू मला ऐकवतोस. बरोबरच आहे. पण कौशल्य म्हणजे घोड्याचा फॉर्म, वजन, अंतर, जॉकी यांचा अभ्यास. फॉर्मच तीन ओळींत संपत असेल तर अभ्यास कशाचा करणार?

क्लबचा हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांचं रेटिंग आणि पाठीवरचं वजन ठरवणारा, तोही अशा घोड्यापुढे चाचपडतच असतो. रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. वीस-पंचवीसदा धावलेल्या घोड्याचं रेटिंग जिंकत-हरत जागेवर आलेलं असतं. नव्याचं म्हणजे नुसता पहिला अंदाज. तो चुकला तर घोडा पाच किलो हलक्यात सुटतो, आणि याच आशेवर लोक त्याच्यावर तुटून पडतात. अंदाज उलट्या बाजूलाही चुकतो, हे कुणाच्या मनात येत नाही. मेडन, म्हणजे एकदाही न जिंकलेल्या घोड्यांची शर्यत, जिंकून आलेला घोडा मुरलेल्या घोड्यांबरोबर पहिल्यांदा हँडिकॅपमध्ये उतरतो तेव्हा त्याचा भाव आधीच पडलेला असतो. जिंकला तरी हाती फार येत नाही.

‘चार लांबींनी विजय’ वाचून हुरळू नकोस. त्या दिवशी दुसरे, तिसरे, चौथे आलेले घोडे पुढे काय करतात ते बघ. त्यांतला एकही नंतर जिंकला नसेल तर त्या चार लांबींना काही किंमत नाही. शर्यत किती मीटरची होती तेही बघ, कारण अंतर वाढतं तशी एका लांबीची वजनातली किंमत कमी होते. पुण्यात पावसाने मऊ झालेल्या ट्रॅकवर जिंकलेला घोडा हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीच्या कडक ट्रॅकवर तसाच पळेल, हेही धरून चालू नकोस. शिवाय सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला. जानेवारीतलं शिंगरू आणि मेमधलं, कागदावर दोघांचं वय एकच. पॅडॉकमध्ये फरक डोळ्यांना दिसतो.

आपल्याकडे हापूसच्या नव्या कलमाचा मोहोर पहिली दोन-तीन वर्षं खुडून टाकतात, झाड आधी बांधलं जावं म्हणून. काही ट्रेनर तसेच असतात. पहिल्या धावेत घोड्याला गेट, गर्दी, वळण शिकू देतात. जॉकी चाबूक उचलतही नाही. काही मात्र पहिल्याच दिवशी जिंकायच्या तयारीने आणतात. म्हणून सातव्या आलेल्या घोड्यावर काट मारण्याआधी ट्रेनर कोण ते बघ. मॉक रेस आणि सकाळच्या ट्रॅकवर्कच्या वेळाही वाच, पण घोडा आरामात पळवला होता की दामटून, हे लिहिलेलं नसेल तर त्या वेळा सोडून दे.

आपली इंडियन डर्बीच घे. १९४३ पासून धावतेय, अंतर २४०० मीटर. डिसेंबरातली २००० गिनीज १६०० मीटरची. म्हणजे त्या गिनीजवरून डर्बीतल्या शेवटच्या आठशे मीटरबद्दल काही कळत नाही. तिथे आई-बापाच्या नावांवर भरवसा ठेवावा लागतो. आणि फेव्हरिटचा भाव बघशील तर वाटावं, निकाल छापून आलाय!

जीएसटी विसरू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय, तोही पैजेच्या पूर्ण रकमेवर. एवढा भार डोक्यावर घेऊन सगळ्या शर्यती खेळणारा माणूस मला तरी शहाणा वाटत नाही.

तेव्हा रविवारची ती पाच नवख्या घोड्यांची शर्यत सोड. बघ जरूर, दुर्बीण घेऊन बघ, पैसे खिशातच ठेव. त्याच दिवशी ४० ते ६६ रेटिंगच्या जुन्या घोड्यांची एखादी शर्यत असेल तर तिचा तक्ता करून पाठव. तुझ्या आईशी मी यातलं काही बोललेलो नाही. ते तुझं तू सांग.

तुझा,
मामा